टायर मोठे केले, आता कुठला आकडा धरायचा?

गाडीला मोठे टायर बसवले की लोक स्पीडोमीटरची चौकशी करतात. ओडोमीटरची कुणी करत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं. वेगाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा एकाच डायलवर शेजारी बसलेले असले तरी दोघांच्या चुका वेगळ्या असतात. टायर वाढवल्यावर पहिला सुधारतो तेव्हा बहुतेक वेळा दुसरा बिघडतो. दोन्ही वेगवेगळे कसे मोजायचे आणि मोजून झाल्यावर कशाला हात लावायचा, कशाला नाही, ते सांगते.

मी नाशिकची. गणिताचे क्लास घेते, आणि अधूनमधून टीएसडी रॅलीत मावसभावाच्या शेजारी नेव्हिगेटर म्हणून बसते. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात सुसाट जायचं नसतं. आयोजकांनी दिलेल्या सरासरी वेगाने, ठरल्या सेकंदाला चेकपॉइंटवर पोचायचं असतं. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड. रोडबुकात, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या मार्गाच्या वहीत, अंतरं मीटरपर्यंत दिलेली असतात, त्यामुळे आपल्या गाडीचा किलोमीटर आणि आयोजकांचा किलोमीटर यांतला फरक काढणं हे नेव्हिगेटरचं पहिलं काम. हीच सवय रोजच्या गाडीलाही लागू पडते.

उदाहरण भावाच्याच गाडीचं घेते. महिंद्रा थार, एएक्स व्हेरिएंट, कंपनीचे टायर २४५/७५ आर१६. त्याने २६५/७५ आर१६ मापाचे एटी (ऑल-टेरेन, म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर टाकले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला: "ताई, काटा आणि फोनचा जीपीएस एकदम जुळायला लागले बघ. कंपनीने चुकवलं होतं ते आपोआप बरोबर झालं." मी विचारलं, "आणि किलोमीटर?" त्यावर तो म्हणाला, "ते कशाला चुकतील?"

कंपनीचा काटा पुढेच असतो

कंपनीने काहीही चुकवलेलं नव्हतं. काटा मुद्दाम पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम ३९ सांगतो की, स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी यापेक्षा जास्त नको. म्हणजे गाडी खरोखर ८० ने चालली असेल तर डायलवर ८० ते ९२ मधलं काहीही चालतं, ७९ मात्र चालत नाही. टायर झिजतो, हवा कमीजास्त होते, एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर अगदी सारखे नसतात. या सगळ्यातून काटा मागे पडू नये म्हणून कंपन्या तो आधीच थोडा पुढे सरकवतात.

ओडोमीटरला असं पुढे सरकवायचं कारण नसतं. तो साधारण खराच ठेवलेला असतो. भावाच्या थारला जुने टायर होते तेव्हा डायलवर १०० असताना जीपीएस ९६ दाखवायचा, पण ओडोमीटर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या खांबांशी जवळपास तंतोतंत जुळायचा. म्हणजे काट्यात चार टक्के, अंतरात शून्य. हे दोन आकडे टायर बदलण्याआधी ज्याने टिपून ठेवले, त्याचं अर्धं काम झालं.

आधी कागदावर

२४५/७५ आर१६ यात २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १६ हा रिमचा व्यास इंचात. साइडवॉल १८३.७५ मिमी, वर एक आणि खाली एक, मिळून ३६७.५. रिम १६ गुणिले २५.४, म्हणजे ४०६.४. बेरीज ७७३.९ मिमी, हा टायरचा व्यास. नव्या टायरचं तसंच: ३९७.५ अधिक ४०६.४, एकूण ८०३.९. नव्याला जुन्याने भागा: १.०३९. नवा टायर एका फेरीत ३.९ टक्के जास्त रस्ता कापतो, आणि गाडीला त्याची खबर नसते. ती फेऱ्याच मोजते.

याच हिशेबाने थारच्या एलएक्स व्हेरिएंटचा २५५/६५ आर१८ हा ७८८.७ मिमी भरतो. म्हणजे एकाच गाडीच्या कंपनीनेच दिलेल्या दोन मापांत जवळपास दोन टक्के फरक आहे. २८५/७५ आर१६ घेतलात तर ८३३.९, म्हणजे पावणेआठ टक्के. मारुती जिम्नीवाल्यांसाठी: मूळ १९५/८० आर१५ हा ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ टाकला तर ७०३.५, फक्त दीड टक्का. त्यासाठी डोकं शिणवू नका. २३५/७५ आर१५ टाकला तर ७३३.५, आणि फरक सहा टक्क्यांच्या घरात जातो.

हे झालं छापील मापाचं. ३१ इंच म्हणून विकलेला टायर फितीने मोजला तर बऱ्याचदा ३१ भरत नाही. शिवाय वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे तो एका फेरीत व्यासाच्या ३.१४ पट जात नाही. रेडियल (आत पोलादी पट्टा असलेल्या) टायरसाठी ३.०५ पट धरतात. दोन टायरांची तुलना करताना हा गुणक दोन्हीकडे येतो आणि कटतो, पण एका फेरीत किती मिलिमीटर हे हवं असेल तर ३.१४ (गणितातला पाय, π) वापरू नका, ३.०५ वापरा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्यक्ष मोजा.

खडू आणि फिती

लागेल ते इतकंच: सपाट सिमेंटची किंवा डांबरी सरळ जागा, खडू, गवंड्याकडे असते तशी लांब फिती आणि एक मदतनीस. हवा थंड टायरला, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. आत ड्रायव्हर बसलेला हवा, कारण त्याचं वजन मोजमापात यायला हवं. मागच्या चाकावर अगदी तळाशी खडूची रेघ मारा आणि तीच रेघ खाली जमिनीवर उतरवा. गाडी सरळ रेषेत हळूहळू पुढे घ्या, स्टिअरिंग अजिबात न वळवता. पाच फेऱ्या झाल्यावर रेघ पुन्हा बरोबर तळाशी आली की थांबा, जमिनीवर दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा.

२४५/७५ आर१६ ला पाच फेऱ्यांना साधारण ११.८ मीटर यावेत, २६५/७५ ला १२.२६ च्या आसपास. एकच फेरी मोजू नका. खुणेची एक सेंटिमीटरची गफलत एका फेरीत अर्ध्या टक्क्याच्या जवळ जाते, पाच फेऱ्यांत ती विरते. जुने टायर काढायच्या आधी त्यांचंही असंच माप घेऊन ठेवा. जुने टायर झिजलेले असतात, त्यामुळे कागदावर ३.९ टक्के आलेला फरक प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकतो. मग लोक म्हणतात कॅल्क्युलेटर चुकला.

जीपीएस कुठे धरायचा, कुठे सोडायचा

फोनचा जीपीएस वेगाला उत्तम असतो, पण सरळ, मोकळ्या आकाशाच्या रस्त्यावर आणि स्थिर वेगाला. वेग बदलत असेल तर तो सेकंद-दोन सेकंद मागे राहतो. काटा १०० ला टेकला त्याच क्षणी फोनकडे बघून काढलेल्या निष्कर्षाला काही किंमत नाही. क्रूझ कंट्रोल असेल तर लावा, नसेल तर दहा सेकंद वेग धरून ठेवा आणि मग वाचा. वाचायचं काम शेजारच्याने करायचं, ड्रायव्हरने नाही. यावर आमच्या गाडीत चर्चा होत नाही.

४०, ६०, ८० आणि १०० अशा चार वेगांना मोजा. एकाच वेगाला मोजून टक्के काढू नका. भावाच्या गाडीत जुन्या टायरांवर ४० ला ३८, ६० ला ५७, ८० ला ७७ आणि १०० ला ९६ यायचे. फरक २, ३, ३, ४. नुसत्या टक्क्यांची चूक असती तर ४० ला दीड आणि १०० ला चार आले असते. इथे थोडा भाग ठरीव आहे आणि थोडा टक्क्यांचा. टायर बदलल्याने खरा वेग टक्क्यांनी वाढतो. कंपनीने वर घातलेला ठरीव किलोमीटर तसाच राहतो. म्हणूनच टायर मोठे केल्यावर १०० ला काटा चपखल बसतो आणि ४० ला अजून थोडा पुढेच राहतो. त्यात बिघाड काही नाही.

कसारा घाटात जीपीएसने अंतर मोजू नका. फोन सेकंदाला एकदा जागा टिपतो आणि त्या ठिपक्यांमध्ये सरळ रेघा ओढतो. वळणांवर त्या रेघा रस्ता कापून जातात आणि अंतर कमी भरतं. इगतपुरीच्या बोगद्यात तर सिग्नलच जातो. चढाचा मात्र लोक उगाच बाऊ करतात: दहाला एक इतक्या खड्या चढावरसुद्धा फरक अर्ध्या टक्क्याचाच.

फोनशिवायही वेग काढता येतो. डायलवर ६० धरून किलोमीटरच्या खांबांवर पाच किलोमीटरला लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजा. पाच मिनिटं पंधरा सेकंद लागली, म्हणजे ३१५ सेकंद. १८,००० भागिले ३१५, खरा वेग ५७.१.

खांबांवर ओडोमीटर

आता मुख्य काम. समृद्धीवर सिन्नरकडून शिर्डीच्या दिशेला लांब, सरळ पट्टा मिळतो आणि किलोमीटरचे आकडे लावलेले आहेत. कुठेही थांबायचं नाही. एका आकड्यासमोर आलो की ट्रिप मीटर (हवा तेव्हा शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा) शून्य करायचा आणि मोजत जायचं. एक-दोन किलोमीटरवर मोजू नका. ट्रिप मीटर १०० मीटरच्या टप्प्याने सरकतो. दोन किलोमीटरवर तेवढ्यानेच पाच टक्क्यांची चूक होते, चाळीसवर ती पाव टक्का उरते. खांबही प्रत्येक ठिकाणी नेमक्या जागी रोवलेला असेलच असं नाही, लांब अंतरात तेही बुजून जातं. पहिले दहा किलोमीटर टायर गरम व्हायला द्या आणि मग शून्य करा. गुणक म्हणजे ट्रिपच्या आकड्याला ज्याने गुणलं की खरं अंतर येतं तो आकडा; रॅलीतही थंड टायरवर काढलेला गुणक आम्ही वापरत नाही.

नव्या टायरांवर खांबांचे ४० किलोमीटर झाले तेव्हा भावाच्या ट्रिपवर ३८.५ होते. ४० भागिले ३८.५, पुन्हा १.०३९. कागद, खडू आणि खांब एकमेकांशी जुळले. त्यापुढे त्याने वाद घातला नाही.

याचा रोजच्या वापरात अर्थ असा. डायलवर १०,००० किलोमीटर होतात तेव्हा गाडी १०,३९० चाललेली असते, म्हणजे सर्व्हिस, तेल, टायमिंगची कामं सगळी उशिराने होतात. टाकी फुल ते टाकी फुल ४० लिटर डिझेल आणि ट्रिपवर ४४० किलोमीटर आले, तर ॲव्हरेज ११ दिसतं. खरं अंतर ४५७ आणि खरं ॲव्हरेज ११.४. मोठ्या टायरांनी ॲव्हरेज पाडलं ही तक्रार खरी असते, पण त्यातला एक हिस्सा निव्वळ मोजणीचा असतो. एटी टायरच्या नावाने बोटं मोडण्याआधी गुणकाने गुणून घ्या.

आणि काटा? तो आता जवळपास खरा आहे, म्हणजे कंपनीने ठेवलेली राखीव जागा आपण खाल्ली आहे. पूर्वी समृद्धीवर डायलवर १२० धरले तरी खरा वेग ११५ च्या आसपास असायचा. आता १२० म्हणजे १२०. २८५/७५ टाकले असते तर डायलवर १२० असताना खरा वेग १२४ च्या जवळ गेला असता, आणि कॅमेरा डायल बघत नाही. पुणे एक्स्प्रेसवेच्या घाटात ६० ची मर्यादा आहे, तिथेही तीच गत. माझं मत विचाराल तर चार टक्क्यांपर्यंत काट्याला हात लावायची गरज नाही, ओडोमीटरचा गुणक तेवढा लक्षात ठेवा. त्यापुढे गेलात तर काहीतरी दुरुस्ती करावीच लागेल.

एक कायद्याची बाब. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. आपल्या मॉडेलच्या कुठल्याही व्हेरिएंटला कंपनीने दिलेल्या मापांत राहिलात तर प्रश्न सहसा येत नाही. त्याबाहेर जायचं असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, अपघात झाल्यावर नको.

केबलवाल्या गाड्या

मारुती जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपवाल्यांसाठी मात्र सगळं हातात आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो. इथे ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) मागच्या बाजूला एक छोटा पिनियन, म्हणजे दातांचं चाक, फिरतो, तो केबल फिरवतो, केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ही ओढाताण जिथे थांबते तिथे काटा थांबतो. ओडोमीटर त्याच केबलवर चालतो, पण शुद्ध दातांच्या चाकांवर. त्यात स्प्रिंग नाही, चुंबक नाही. पिनियन ट्रान्सफर केसच्या गिअरांच्या पुढे असल्याने लो रेंज (कठीण वाटेसाठीचा कमी वेगाचा गिअर) टाकली तरी आकडे बदलत नाहीत. डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांच्या संचाचा, रेशो बदलला तर मात्र बदलतात.

मीटरला एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत ते बऱ्याचदा डायलवर किंवा पाठीमागे छापलेलं असतं. जपानी मापाच्या मीटरला ६३७ लागतात. आता मोजायचं असं: केबल मीटरच्या टोकाकडून सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा, गाडी न्यूट्रल करून सरळ २० मीटर ढकला आणि झेंड्याचे फेरे मोजा, पाव फेरा सुद्धा. समजा सव्वाबारा आले. गुणिले ५०, किलोमीटरला ६१२.५. हवेत ६३७, म्हणजे मीटर चार टक्के कमी मोजतोय. पिनियनला २० दात असतील आणि १९ दातांचा मिळाला तर फेरे ६४४.७ होतात, सव्वा टक्का जास्त. इतकं चालतं. दात कमी केले की केबल जोरात फिरते, उलटं नाही. दुकानात उभं राहून गोंधळायला होतं, म्हणून घरून लिहून न्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिनियनने किलोमीटर जुळवा, मग काटा. पिनियन बदलूनही काटा पुढेमागे असेल तर तो मीटर दुरुस्तीवाल्याकडून स्प्रिंगवर लावून घ्यायचा. अनेक कारागीर सरळ स्प्रिंगलाच हात घालतात, काटा जीपीएसशी जुळवून देतात आणि किलोमीटर तसेच चुकत राहतात. काटा वर-खाली थरथरत असेल तर हिशेब करायच्या आधी केबल काढून तिला पातळ ग्रीस लावा किंवा नवीन घाला.

सेन्सरवाल्या गाड्या

नव्या गाड्यांत चाकांवरचे एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सर फेऱ्या मोजतात आणि संगणक त्याला आपल्या पोटातल्या टायरच्या मापाने गुणतो. चारही टायर सारखेच मोठे असले तर एबीएसला शंकाही येत नाही. ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या) सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावून ॲपवर वेग बघा: बऱ्याच गाड्यांत तो डायलपेक्षा कमी आणि जीपीएसच्या जवळ असतो, कारण काट्याची आगाऊ भर डायलमध्ये पडते, सेन्सरमध्ये नाही. आपल्या गाडीत कुठली चूक कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं.

दुरुस्तीसाठी पहिली चौकशी सर्व्हिस सेंटरला: या मॉडेलमध्ये स्कॅनरने टायरचं माप बदलता येतं का, आणि यादीत कुठली मापं आहेत? यादीत तुमचं माप नसेल तर सगळ्यात जवळचं मोठं माप निवडायला सांगा, आणि ते बसवल्यावर खांबांची चाचणी पुन्हा करा. स्पीड सेन्सरच्या वायरीत मध्ये बसवायची पल्स (सेन्सरचे ठोके) दुरुस्त करणारी डबी ही गिअरबॉक्सवर एकच सेन्सर असलेल्या गाड्यांसाठी ठीक. एबीएसच्या वायरी मात्र अशा डबीसाठी कुणालाही कापू देऊ नका. आणि आधी झालेला ओडोमीटरचा आकडा "खरा करून" देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. जुनी गाडी घेणाऱ्याला तो फेरफारच वाटेल. सर्व्हिस बुकात तारीख, त्या दिवशीचं ओडोमीटर, नवं माप आणि गुणक लिहून ठेवा. गाडी विकताना तेच दाखवा.

टायर पाच घ्या, चार नाही. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून ती मागच्या एका चाकाला लावली की डिफरन्शियल सतत काम करत राहतं, आणि तशात ४एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाकलं तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी ओढाताण करतात. थारसारख्या गाडीत स्टेपनी मागच्या दारावर असते, तेव्हा जड टायरने दाराच्या बिजागऱ्या खाली बसतात का तेही बघत जा.

वाळूत किंवा चिखलात हवा कमी केली की टायर डोळ्यांना चांगलाच बसलेला दिसतो, पण रेडियलच्या आतला पोलादी पट्टा तेवढाच लांब असतो, म्हणून एका फेरीचं अंतर फार थोडं बदलतं. चिखलात आकडा चुकतो तो चाक जागेवर फिरल्याने. तशा रस्त्यावर काढलेला गुणक फाडून टाका.

झीज मात्र हळूहळू सगळा हिशेब बदलते. नव्या एटी टायरला साधारण १० मिमी खोली असते. ती ३ वर आली की व्यास १४ मिमीने घटतो, म्हणजे पावणेदोन टक्के, भावाचा १.०३९ तोपर्यंत १.०२१ झालेला असेल. टायरांच्या जागा आलटून-पालटून लावता तेव्हा खडूची चाचणी पुन्हा करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे, आणि नवा गुणक हवेच्या दाबासकट सन व्हायझरच्या मागे चिकटवा.